ढोकरी आणि खालचे पाणी

मुलांनो, एकाच ओहळातले पाणी एकाच वेळी दोन दिशांना वाहते असे तुम्हाला कोणी सांगितले, तर तुमचा विश्वास बसेल का? चटकन नाही बसणार. पांढऱ्या बगळ्याचाही बसला नाही, आणि त्याला तर खाडीत उभे राहून सहा पावसाळे झाले होते.

डोंगरातून आलेली नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे ऐसपैस पसरते, तिथली ही गोष्ट. खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांचे दाट रान होते. रानातून लहान लहान ओहळ खाडीला येऊन मिळत. या ओहळांना एरवी स्वतःचे पाणी नसे. भरती आली की खाडीचे पाणी त्यांत शिरे आणि ओहोटी लागली की ते परत बाहेर जाई. पाण्याबरोबर बोय मासे, काळुंदर, कोळंबी आत जात, तिवरांच्या मुळांशी चरत आणि पाण्याबरोबरच माघारी येत. अशाच एका ओहळाच्या तोंडाशी, पाण्यावर झुकलेल्या तिवरावर एका ढोकरीचे घरटे होते.

ढोकरी म्हणजे बगळ्यांच्याच कुळातली, पण अंगाने लहान आणि रंगाने भुरकट. चिखलात उभी राहिली की चिखलाचाच एक गोळा वाटे. जवळून गेलेल्यालाही ती दिसत नसे. पण तिने पंख उघडले की आतून पांढरीशुभ्र! काळोख्या खोलीची खिडकी कोणीतरी धाडकन उघडावी, तसे वाटे.

या पंखांमुळेच तिच्याकडे एक मोठे काम आले होते. खाडीत मासेमारीची एक जुनी रीत होती. भरती पुरी व्हायच्या सुमाराला पाणमांजरांचे कुटुंब जमिनीवरून, झाडीतून, ओहळाच्या पार वरच्या टोकाला जाऊन दबा धरून बसे. ओहळाच्या तोंडाशी बगळे आणि ढोकऱ्या रांगेने उभ्या राहत. खंड्या पक्षी वरच्या फांदीवर बसे. मग ओहोटी लागली, की ढोकरीने पंख उघडायचे. ते पांढरे पंख लांबून दिसले, की पाणमांजरे पाण्यात उड्या घेत, ओहळभर आडवी पसरत आणि शेपट्या आपटत, चीं चीं करत खाली येत. त्यांच्या हाकाऱ्याने सगळे मासे तोंडाकडे पळत सुटत, आणि मग काय, पाणमांजरे, बगळे, ढोकऱ्या, खंड्या, सगळ्यांची एकच पंगत!

यात सगळी गंमत वेळेची होती. पाणी उतरत असेल, तर घाबरलेला मासा तोंडाकडे पळतो. पण पाणी अजून चढत असेल, तर तो तिवरांच्या मुळांच्या जाळीत घुसतो आणि मग कोणाच्या बापाला सापडत नाही. शिवाय एका ओहळात एका भरतीला एकच हाकारा. मासा एकदा बिथरला, की तो त्या दिवशी पुन्हा फसत नाही. म्हणून पंख कधी उघडायचे, हे ठरवणारी ढोकरी जाणती असावी लागे. पूर्वी हे काम एक म्हातारी ढोकरी करायची. ती थकली, तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात ते काम आपल्या या ढोकरीकडे आले.

म्हातारीने तिला एवढेच शिकवले होते. "डोळ्यांनी बघ, पण पायांना विचार. बोटं चिखलात रोव आणि पाणी बोटांमधून कुठं जातंय ते बघ. पाय गाळात घातल्याशिवाय कधी पंख उघडू नकोस." ढोकरीने दोन महिने रोज तेच केले होते. तिच्या बोटांना आता पाणी कळत होते.

त्या दिवशी सप्तमी होती. सहा दिवस डोंगरात पाऊस कोसळून नुकती कुठे उघडीप झाली होती. सहा दिवस खाडीचे पाणी इतके गढूळ होते, की धड एक मासा दिसत नव्हता. ढोकरीच्या घरट्यात तीन पिल्ले होती. मोठी दोन कशीबशी आरडाओरडा करत होती. धाकटे मात्र मान टाकून पडले होते. आणि उद्यापासून भांग सुरू होणार होता. भांगाच्या दिवसांत भरती अर्धीच चढते. पाणी ओहळांच्या आतपर्यंत पोचत नाही, मग मासे तरी कुठून येणार? ते चार-पाच दिवस सगळ्यांना खेकड्यांची पोरे आणि किडे यांवरच काढावे लागत. अंगात ताकद असलेले पिल्लू त्यावर तग धरते. धाकट्याच्या अंगात ताकद उरली नव्हती. त्याला आज मासा मिळायला हवा होता, आजच्या आज.

"अगं, सकाळपासून याने चोच उघडलेली नाही," ढोकरीचा नवरा घरट्यातून म्हणाला.

"संध्याकाळी उघडेल," ढोकरी म्हणाली. "तुम्ही मात्र घरट्यावरून हलू नका. तो कावळा समोरच्या फांदीवर काही हवा खायला बसलेला नाही."

"मी कशाला हलतोय! पण तुला आज पाण्याचं कळेल ना नीट? सहा दिवसांचं गढूळ आहे."

"पाय धुवायला थोडीच जातेय मी? कळेल." असे म्हणून ढोकरी खाली उतरली आणि तोंडाजवळच्या गाळात खाडीकडे तोंड करून, पाय रोवून उभी राहिली.

ऊन कलले होते. भरती चढतच होती. एकेक जण जमू लागला. पाणमांजरांचे सात जणांचे कुटुंब आले, आणि सात जणांची सात मते आली. कोणी म्हणे याच ओहळात जाऊ, कोणी म्हणे पलीकडच्या ओहळात. त्यांचा म्होरक्या एक दांडगा, मिशाळ, मनाने मोकळा पाणमांजर होता. त्याने एकेकाला शेपटीने गप्प केले.

"वहिनी, आज भरपूर चारा द्या बरं का!" तो ढोकरीला म्हणाला. "आमच्याकडे सहा दिवस नुसतं मिशा चाटणं चाललंय."

"चारा द्यायला मी कोण, दादा? मी फक्त वेळ सांगणार. जमिनीवरून जा, पाणी हलवू नका, आणि माझ्याकडे नजर ठेवा."

पाणमांजरे झाडीतून वरच्या टोकाकडे गेली. तेवढ्यात पांढरा बगळा उतरला. उंच, देखणा, मान अशी वळवायचा की बघत राहावे. तो काठावरच्या एका जाड मुळावर पाय न भिजवता उभा राहिला.

"काय ढोकरबाई, आज तरी उजेडात जेवायला मिळेल का?" तो म्हणाला. "गेल्या खेपेला तुम्ही पंख उघडलेत, तेव्हा मला माझीच चोच दिसत नव्हती."

वरच्या फांदीवरून खंड्या खिदळला. "मला तर मासा म्हणून काडीच मिळाली!"

"गेल्या खेपेला उशीर झाला, ते माझं चुकलं," ढोकरी म्हणाली. "आज चुकणार नाही."

तिने हे रागाने म्हटले नाही, की लाजून म्हटले नाही. मग ती पाण्याकडे वळली.

थोडा वेळ गेला. पाणी मुळांवर एका रेघेपाशी येऊन थांबल्यासारखे दिसू लागले. वर चढेना, खाली उतरेना. इतक्यात तिवराचे एक पिवळे पान ओहळातून डुलत डुलत आले आणि खाडीकडे निघून गेले. मागून फेसाचा एक पुंजका आला, तोही बाहेर गेला.

"गेलं, गेलं!" खंड्या ओरडला. "पान बाहेर गेलं! ओहोटी लागली! उघडा पंख!"

ढोकरीने बोटे चिखलात आणखी खोल घातली. पाणी तिच्या टाचेकडून नाही, बोटांच्या टोकांकडून येत होते. म्हणजे समुद्राकडून. आत.

"अजून नाही," ती म्हणाली. "पाणी आत चाललंय."

"आत?" बगळ्याने मान लांब केली. "ढोकरबाई, पान बाहेर गेलं, फेस बाहेर गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि पाणी आत चाललंय?"

"वरचं पाणी बाहेर चाललंय. ते डोंगरातून रानात उतरलेलं, सहा दिवसांच्या पावसाचं. गोडं पाणी हलकं असतं, ते वरून घसरत येतं. समुद्राचं खारं पाणी जड, ते खालून अजून चढतंय. मासे त्या खालच्या पाण्यात आहेत."

"अरे वा! एका ओहळात दोन पाणी!" बगळा खंड्याला म्हणाला. "ऐकलंस का रे? उद्या म्हणतील, एका आकाशात दोन सूर्य. हे सांगितलं तरी कोणी तुम्हाला?"

"माझ्या पायांनी."

खंड्या हसता हसता फांदीवरून पडायचाच बाकी होता. बगळा म्हणाला, "पाय मलाही आहेत, आणि तुमच्यापेक्षा दुप्पट लांब."

"आहेत ना. पण ते मुळावर आहेत. खाली गाळात उतरून बघा, म्हणजे मी खोटं बोलते की खरं ते कळेल."

बगळ्याने आपल्या स्वच्छ पायांकडे पाहिले, गाळाकडे पाहिले आणि तो विषय सोडून दिला.

पश्चिमेला ढगांची एक फळी होती. सूर्य तिच्यामागे गेला आणि पाण्यावरची चमक एकदम उतरली. थांबून थांबून कंटाळलेला म्होरक्या झाडीतून अंग घासत खाली आला. "वहिनी, काय ठरलं? वर आमची पोरं दगड चावायला लागली."

ढोकरी काही बोलणार, त्याआधी बगळा बोलला. "यांचं ठरेपर्यंत रात्र होईल. ओहोटी केव्हाच लागलीय, खंड्या साक्षीला आहे. हे बघ, पलीकडचा ओहळ मोकळा आहे. तिथे मी पंख उघडतो. माझे पंख काही कमी पांढरे नाहीत. चल, यांना इथे पायांशी गप्पा मारू देत."

म्होरक्याने ढोकरीकडे पाहिले. त्याला अवघडल्यासारखे झाले होते. "वहिनी, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हो. पण पान तर मीही बघितलं. आणि माझीही पोरं उपाशी आहेत."

"मला माहीत आहे, दादा," ढोकरी म्हणाली. "जायचं तर जा. फक्त हा ओहळ बिथरवू नका, जमिनीवरूनच जा. आणि तिकडे काही मिळालं नाही, तर परत या. मी इथेच उभी आहे."

ते सगळे गेले. बाकीचे दोन-चार बगळेही त्यांच्या मागे उडाले. ओहळाच्या तोंडाशी ढोकरी एकटी उरली.

एकटीने एवढ्या रुंद तोंडाशी उभे राहून काय होणार? मासे तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून गेले असते. हे तिला कळत होते. आणि मुलांनो, आपले खरे आहे हे माहीत असले, तरी सगळे जण आपल्याला सोडून दुसरीकडे निघून गेले की मनात शंका येतेच. तिलाही वाटले, पायांची चूक तर होत नसेल? सहा दिवसांच्या गाळाने बोटे बधिर तर झाली नसतील?

त्याच वेळी वरून नवऱ्याची हाक आली. "अगं, ऐकतेस का? धाकटं डोळे उघडत नाहीये. काहीतरी कर!"

ढोकरीचा एक पंख नकळत अर्धा उचलला गेला. पांढरी कड क्षणभर चमकली. पण तिने तो मिटला. पंख उघडून पाण्याचे वळण बदलणार नव्हते, की पिल्लाचे पोट भरणार नव्हते. तिने डोळे बंद केले, म्हणजे पाने दिसायला नकोत आणि फेस दिसायला नको. मग तिने पुन्हा बोटांना विचारले. चिखलाचे बारीक कण बोटांच्या टोकांवर येऊन आपटत होते. आतच. आता जरा हळू, पण आतच.

"त्याला अंगाखाली घ्या, ऊब द्या," ती वर बघून म्हणाली. "मी रिकाम्या चोचीने येणार नाही."

थोड्याच वेळात पलीकडच्या ओहळातून चीं चीं ऐकू आली, शेपट्यांचे फटके ऐकू आले, बगळ्यांची फडफड ऐकू आली. आणि मग सगळे शांत झाले. जेवणाऱ्यांचा गलका झालाच नाही.

सगळ्यांत आधी खंड्या परत आला, कारण बातमी सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे. "एक कोळंबी!" तो म्हणाला. "सात पाणमांजरं, पाच बगळे, आणि मिळाली किती, तर एक कोळंबी! तीसुद्धा मीच खाल्ली. बोय मासे होते, चांगले हाताएवढे होते, पण फटका पडला तसे सगळे सरळ मुळांत! पाणी चढतंच होतं हो खालून."

मागोमाग भिजलेला म्होरक्या आला, त्याच्यामागे घरची मंडळी. सगळ्यांत शेवटी बगळा आला. तो म्हणाला, "उजेड कमी होता," आणि दूरच्या काठावर जाऊन उभा राहिला.

"चुकलं आमचं, वहिनी," म्होरक्या म्हणाला. "आता नुसतं पडावंसं वाटतंय. पोरं दमलीत. आजचा दिवस फुकट गेला."

"पडायचं नाही, दादा. अजून एकदा वर जा."

"आता? अंधार पडायला किती वेळ उरलाय?"

"पुरेल इतका. खालचं पाणी थांबत आलंय. तुम्ही वर पोचाल आणि ते फिरेल."

म्होरक्याने मिशांवरचे पाणी झटकले. "आणि याही खेपेला हात हलवत परत आलो तर?"

"तर उद्यापासून या गाळात दुसरं कोणी उभं राहील," ढोकरी म्हणाली. "मी पुन्हा पंख उघडणार नाही. पण आज माझं ऐका."

म्होरक्याने तिच्या डोळ्यांत पाहिले. तिच्या आवाजात कुठेही विनवणी नव्हती. सूर्य मावळतो असे सांगावे, तसे तिने हे सांगितले होते. तो मागे वळून आपल्या माणसांवर खेकसला, "ऐकलंत ना? उठा! दमायचं ते जेवल्यावर दमा!"

पाणमांजरे झाडीत शिरली. बगळे गुपचूप रांगेत येऊन उभे राहिले. पण रांगेच्या मध्यावर, जिथे तोंड सगळ्यांत खोल होते, तिथे मोठी फट राहिली होती. ढोकरीने दूरच्या काठाकडे पाहिले.

"तिथे काय उभे आहात, बगळोबा?" ती म्हणाली. "मधे खोल आहे. माझे पाय तिथे पुरत नाहीत, तुमचे पुरतात. सगळे मासे तिथूनच निसटतील. या, उतरा."

बगळा घुटमळला. "मी... मघाशी जे बोललो..."

"ते जेवल्यावर बोलू. आता उतरा आधी!"

बगळा गाळात उतरला. मांड्यांपर्यंत रुतला. त्याच्या पांढऱ्या पिसांना काळा चिखल लागला, पण तो तिथेच पाय रोवून उभा राहिला. जरा वेळाने त्याची मान एकदम ताठ झाली. "अरे!" तो हळूच म्हणाला. "खाली... खाली वेगळंच आहे की!"

"बोलू नका," ढोकरी म्हणाली.

आता सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. खंड्यासुद्धा चोच मिटून बसला होता, आणि त्याच्यासाठी हे फारच झाले. पान गेले, फेस गेला, कोणी ओरडले नाही. तिवरांचे शेंडे काळे दिसू लागले होते, पण पाण्यावर अजून राखाडी उजेड होता. ढोकरीच्या बोटांवर येऊन आपटणारे कण विरळ झाले. मग थांबले. गाळ अगदी निपचित झाला. तिने श्वास धरला. एक, दोन, तीन, चार... आणि तिच्या टाचेखालून चिखलाचा एक बारीकसा कण सरकला, बोटांमधून घसरला आणि खाडीकडे निघून गेला. त्याच्यामागून दुसरा. मग टाचेखालचा सगळा गाळच हळूहळू सुटू लागला.

ढोकरीने पंख उघडले.

त्या धूसर उजेडात ते पंख असे पांढरे दिसले, की वरच्या टोकाला बसलेल्या सगळ्यांत लहान पाणमांजराच्याही तोंडून किंचाळी फुटली. धाडधाड सात उड्या पडल्या. ओहळ वरपासून खालपर्यंत थरथरला. आधी पाण्यावर एक सुरकुती आली, मग सुरकुतीची लाट झाली, आणि लाटेच्या आत मासेच मासे! बोय मासे पाण्याबाहेर उड्या मारत होते, काळुंदर आडव्या पळत होत्या, कोळंबी मूठ मूठ उधळल्यासारखी वर उडत होती. मुळांकडे वळायला जागाच नव्हती, कारण मुळांवरून पाणी उतरू लागले होते. सगळे तोंडाकडे आले. मधल्या खोल जागेतून निसटायला गेले, तर तिथे बगळ्याची चोच होती.

"डावीकडे! डावीकडे!" खंड्या सूर मारता मारता ओरडत होता. म्होरक्या एक हाताएवढा मासा दातांत धरून पोरांना दुसरा दाखवत होता. ढोकरीने एकामागून एक पाच मासे गिळले, सहावा गिळला, मग लहान कोळंबी टिपली, जेवढी गळ्यात मावेल तेवढी. एकदाही तिचा नेम चुकला नाही.

"वहिनी, तुमचे पाय सोन्याचे आहेत!" म्होरक्या भरल्या तोंडाने म्हणाला.

"चिखलाचे आहेत, दादा," ढोकरी म्हणाली, आणि उडाली.

बगळा तिच्याकडे बघत होता. त्याला काहीतरी म्हणायचे होते. ती वरून जाताना त्याने एवढेच विचारले, "उद्या सकाळी मला शिकवाल का? तो पाण्याचा... तो प्रकार?"

"या की," ती जाता जाता म्हणाली. "भांगातही पाणी असतंच. शिकायला पुरतं."

घरट्यात मोठ्या दोघांनी एकच झुंबड केली. ढोकरीने त्यांना एकेक मासा देऊन बाजूला सारले आणि ती धाकट्यापाशी गेली. नवऱ्याने अंगाखालून त्याला पुढे केले. ढोकरीने गळ्यातून मऊ झालेली कोळंबी काढून त्याच्या चोचीशी धरली. चोच उघडली नाही. तिने आपल्या चोचीने त्याची चोच हलकेच उघडली आणि कोळंबी आत सोडली. पिल्लू तसेच पडून राहिले. मग त्याचा गळा एकदा हलला. तिने दुसरी दिली. गळा पुन्हा हलला. समोरच्या फांदीवरचा कावळा थोडा वेळ बघत बसला आणि मग कंटाळून उडून गेला.

"जगेल का गं?" नवऱ्याने हळूच विचारले.

"गिळतंय," ढोकरी म्हणाली. "आज एवढं पुरे. उद्याचं उद्या बघू." आणि तिने चिखलाने माखलेल्या पायांनीच पिल्लांना पोटाखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे पिल्लू घरट्याच्या काठावर उभे राहिले आणि तिघांत सगळ्यांत मोठ्याने ओरडून त्याने खायला मागितले.

या गोष्टीचे तात्पर्य : जे आपण स्वतः पारखून घेतले आहे, त्यावर दहा जणांच्या घाईपुढेही ठाम राहावे, आणि आपले खरे ठरले, म्हणून चुकलेल्याला पंगतीतून उठवू नये.